साल काढलेली संत्री

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला बरणी मेलेली सापडली.

आता बरणी मरते कशी, असं कुणीही विचारेल. विचारा, मावशीनेही फोनवर हेच विचारलं होतं. पलीकडून भाची रडता रडता ओरडली, "अगं, आईचं विरजण होतं ते! आता एक बुडबुडा येत नाहीये त्यातून."

मावशीला एवढं ठाऊक होतं की तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, गावाबाहेर एक गॅसचा प्लांट उभा केला होता. प्लांटला पैसा पुरवणाऱ्या ज्यूसच्या कारखान्यातून संत्र्याच्या साली यायच्या, बंद टाकीत जंतू त्या खायचे आणि गॅस सोडायचे. त्या गॅसवर शेजारच्या इस्पितळाच्या चादरी धुतल्या जायच्या. यातली गोम अशी की संत्र्याच्या सालीत तेल असतं, आणि त्या तेलाने साधे जंतू पटापट मरतात. ताईने आपल्या जंतूंना चिमूट चिमूट साल देत, अठरा वर्षं खपून, त्या तेलाची सवय लावली होती. आठ महिन्यांपूर्वी ताई गेली. जंतू मात्र जेवत होते.

मग बारा दिवसांपूर्वी कारखान्यातून चुकून सालींची दुप्पट खेप आली, ती तशीच आत ओतली गेली आणि टाकी आंबून बसली. तरी भाची घाबरली नाही. अशाच दिवसासाठी ताईने कपाटात वीस लिटरची बरणी राखून ठेवली होती. बरणीतलं विरजण आधी छोट्या टाकीत वाढवायचं, मग मोठीत सोडायचं, की झालं. भाचीने छोटी टाकी घासूनपुसून, कोमट करून तयार ठेवली आणि सोमवारी कपाट उघडलं.

"टाकीचं मी समजू शकते," भाची म्हणाली. "पण बरणी कुलपात होती, मावशी. तिला कुणीतरी मारलंय. शुक्रवारपर्यंत कारखान्याच्या मालकांना जिवंत विरजण दाखवलं नाही, तर प्लांट दुसऱ्या कंपनीकडे जाणार. ते टाकी धुऊन स्वतःचे जंतू घालणार. आईचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं गं."

मावशीने फोन ठेवला आणि बॅग काढली. टपालखात्यात हरवलेल्या पार्सलांच्या विभागात तिने एकतीस वर्षं काढली होती. तिच्या टेबलावर आलेलं पार्सल सापडलं नाही, असं फार क्वचित झालं. तिच्या मते वस्तूला पाय फुटत नाहीत. कुणाचा तरी हात लागलेला असतो आणि बहुतेक वेळा तो हात चोराचा नसतो.

पण ज्या बहिणीने वर्षानुवर्षं फोनवर सांगितलं, "अगं, एकदा ये ना! परसात ड्रम लावलाय, त्यावर घरची शेगडी पेटते. माझ्या आचेवरचा चहा पिऊन जा," तिच्याकडे मावशी एकदाही गेली नव्हती. दर वेळी म्हणायची, "पुढच्या महिन्यात नक्की." तो पुढचा महिना आता उजाडला होता, आणि चहा पाजणारी नव्हती.

२

मावशी मंगळवारी सकाळी थेट भाऊजींकडे उतरली. ताईच्या मागे ते घरात एकटेच राहत होते. भाची आठ महिने प्लांटवरच्या खोलीत मुक्काम टाकून होती. म्हणायची, आईशिवाय त्या घरात पाऊल टाकवत नाही. बापलेकीचं भांडण नव्हतं. दोघंही एकमेकांच्या नजरेला नजर द्यायला घाबरत होती, एवढंच.

"तू बस, मी चहा आणतो," भाऊजी म्हणाले.

"मी करते ना!"

"नको, नको. बस तू." त्यांनी स्वयंपाकघराचं दार मागे ओढूनही घेतलं. मावशीला वाटलं, आत भांड्यांचा ढीग पडला असेल आणि बिचाऱ्यांना लाज वाटत असेल.

ओसरीवर संत्र्यांच्या दोन टोपल्या होत्या. एक भरलेली, एक रिकामी. मावशीने भुवया उंचावल्या. या माणसाला आंबट म्हणजे विष. लग्नात लिंबाचं सरबत प्यायले आणि दोन दिवस पोट धरून बसले, हा किस्सा ताई पाहुण्यापाहुण्याला रंगवून सांगायची.

चहा आला तो काठोकाठ भरलेला, निम्मा बशीत. भाऊजींची ही खोड जुनीच. भांडं कुठलंही असो, अर्धं राहिलेलं त्यांना बघवत नसे. ताई दर वेळी म्हणायची, "अहो, पाहुण्याला पोहायचंय का त्यात?"

मावशीने एक घोट घेतला. चहा तसा पाणचटच होता. बरणी कधी बघते असं तिला झालं होतं, त्यामुळे अर्धा कप तसाच ठेवून ती निघाली. भाऊजी त्या उरलेल्या चहाकडे बघत राहिले.

३

"कुलपात होती म्हणालीस," मावशीने प्लांटवर पोचताच विचारलं, "मग किल्ली कुठे असते?"

भाचीने ताईच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोमागे खिळा, खिळ्याला किल्ली.

"आणि हे कुणाकुणाला ठाऊक?"

"सगळ्यांना."

"वा! याला कुलूप म्हणतात होय तुझ्याकडे?"

कपाटात उबेसाठी एक बल्ब जळत होता आणि त्याखाली बरणी होती. उजेड लागू नये म्हणून तिला काळं कापड गुंडाळलेलं. झाकणातून एक नळी बाहेर येऊन पाण्याच्या पेल्यात बुडत होती. बुडबुडे यायचे ते त्या पेल्यात. आता पेला गप्प होता.

मावशीने कापड सोडायला घेतलं. पार्सल आलं की आधी वेष्टन बघायचं, ही तिची जुनी सवय. कापडाखाली काचेवर लाल चिकटपट्टी निघाली आणि तिच्यावर ताईचं बारीक, तिरकं अक्षर : 'इथपर्यंतच'. आतलं गढूळ पाणी मात्र पट्टीच्या चांगलं चार बोटं वर, थेट गळ्याशी टेकलेलं होतं.

"हे बघितलंस का?"

"नाही गं," भाची गोंधळली. "कापड आम्ही कुणी सोडतच नाही."

टाकीपाशी काम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे थर्मामीटर म्हणत, कारण टाकीच्या भिंतीला तळहात लावून ते अंशाअंशाने ताप सांगायचे. मावशी गेली तेव्हा ते थंडगार टाकीला हात लावून उभे होते.

"मला विचारायला आलात ना? विचारा," ते फणकारले. "दुप्पट खेप माझ्या सुट्टीच्या दिवशी आली. मी असतो तर गाडीपुढे आडवा पडलो असतो. आणि बरणीला मी हात लावीन? ताईंनी मला या कामाला लावलं तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं हो. त्यांनीच शिकवलं."

"रागावू नका. कपाटाच्या खोलीत कोण कोण जातं, तेवढं सांगा."

"झाडायला मी. वहीत नोंदी करायला आमची नोंदवाली. ती दर सोमवारी बरणीला चमचाभर साल भरवते आणि मिनिटभर बुडबुडे मोजते. दुसऱ्या कंपनीचे ते टायवाले साहेब मध्ये पाहणीला आले होते, तेही आत जाऊन आले. आणि ताईंच्या वाढदिवसाला त्यांचे यजमान, आमचे भाऊसाहेब, आले होते. तासभर एकटे बसले. आम्ही कुणी दाराशीसुद्धा गेलो नाही. बसू दे म्हटलं माणसाला." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि पुढे केला. "घ्या, संत्रं खा. भाऊसाहेबच पाठवतात, रोज डबा भरून. माया आहे माणसाला."

संत्री सोललेली होती. स्वच्छ, गोल, एकही साल नाही. मावशीने एक फोड तोंडात टाकली. गोड होती.

४

नोंदवालीला बोलतं करायला बुधवार उजाडला. नाकावर चष्मा, हातात पेन, आणि प्रश्न विचारला की आधी वहीकडे बघणार. तिने वही पुढे सरकवली. मावशीने ती मागून पुढे वाचायला घेतली. ताई गेल्यानंतरच्या सोमवारांचे बुडबुडे : अकरा, चौदा, नऊ, तेरा, दहा, असे पाच-साडेपाच महिने. आणि मग एकदम बारा, बारा, बारा, बारा. सलग दहा आठवडे बारा.

"मुली," मावशी हळूच म्हणाली, "जिवंत माणूससुद्धा रोज सारख्या पोळ्या खात नाही. हे बारा कुठून आणलेस?"

नोंदवालीच्या हातातलं पेन खाली पडलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. "बहिणीच्या लग्नाला गेले होते हो. एक सोमवार चुकला. परत आले तर पेल्यात शून्य! मला वाटलं, माझ्यामुळे उपाशी मेली. ताईंनी कुणालाही नाही, मला दिली होती ती सांभाळायला. तोंड कसं दाखवू म्हणून बारा लिहिलं. मग दर आठवड्याला लिहीतच गेले. मोठी टाकी धडधाकट होती तेव्हा. म्हटलं, बरणी लागणार आहे कुणाला?"

"चुकलेला सोमवार कोणता?"

नोंदवालीने बोट ठेवलं. ताईचा वाढदिवस त्याच आठवड्यात, शनिवारी होता.

"एका जेवणाने मरते का गं बरणी?"

नोंदवालीने नाक पुसलं. "ताई म्हणायच्या, महिनाभर राहील उपाशी. पण मग मेली कशाने?"

"तेच मलाही शोधायचंय. आणि हे बघ, तू खोटं लिहिलंस ते वाईटच. पण मारलं नाहीस तू. आता रडू नकोस, आणि त्या डब्यात काय आहे?"

"संत्री," नोंदवाली हुंदक्यातून म्हणाली. "ताईंचे मिस्टर पाठवतात. खा ना."

तीही सोललेलीच.

५

दुपारी टायवाले साहेब स्वतःच टपकले. दुसऱ्या कंपनीचे ते इंजिनियर. टाकी धुवायला किती माणसं लागतील, याचा अंदाज घ्यायला आले होते. भाचीचा चेहरा बघवत नव्हता.

"माझ्यावर संशय आहे, कानावर आलंय," ते म्हणाले. "बाई, मला तुमचं विरजण मारून काय मिळणार? उलट जिवंत असतं तर मी हात जोडून बाटलीभर मागितलं असतं. आमचे जंतू संत्र्याची साल खात नाहीत. आम्ही आलो की साली जाणार कचऱ्याच्या खड्ड्यात."

"बरणी तुम्ही पाहिली होती?"

"बाहेरून. कापड होतं."

"एक अडाणी प्रश्न विचारते. अशी बरणी भरताना वर किती जागा सोडायची?"

"चार बोटं तरी. गॅस वर साठायला नको? गळ्यापर्यंत भरली तर पाणी नळीत चढतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या माणसालासुद्धा हे कळतं."

"आणि निम्मं विरजण कमी पडलं म्हणून तेवढं नळाचं पाणी घातलं तर?"

टायवाल्यांनी डोळे विस्फारले. "निम्मं नळाचं गार पाणी? त्यात औषध असतं, हवा असते. हे जंतू हवेला भितात, बाई. सरळ खूनच तो. पण असं करील कोण?"

टायवाले जाता जाता म्हणाले, "बाकी तुमचे भाऊजी सज्जन हो. मागच्या खेपेला मलाही डबा दिला. सोलून बिलून! आमच्याकडे कुणी इतकं करत नाही."

मावशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हातात नोंदवालीने दिलेलं संत्रं होतं. ते तिने फिरवून फिरवून पाहिलं. बरणीत गळ्यापर्यंत पाणी भरणारा माणूस प्लांटवरचा नव्हता, कारण चार बोटांचा नियम इथल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेला होता. शत्रूही नव्हता, शत्रूने बरणी उपडी केली असती, भरून जागेवर ठेवली नसती. त्याने अर्धं विरजण नेलं होतं आणि मग अर्धी राहिलेली बरणी त्याला बघवली नव्हती.

आणि जो माणूस आंबट खात नाही, तो टोपल्यांनी संत्री आणतो आणि गावभर सोलून वाटतो. त्याला संत्री नकोच होती. त्याला साली हव्या होत्या.

"अरे देवा," मावशी स्वतःशीच म्हणाली. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं.

६

गुरुवारी सकाळी भाऊजी म्हणाले, "तू बस, मी चहा आणतो." मावशी बसली नाही. ती त्यांच्या मागोमाग गेली आणि ओढून घेतलेलं दार तिने ढकललं.

भांड्यांचा ढीगबीग काही नव्हता. स्वयंपाकघर लख्ख होतं. ओट्यावर ताईची जुनी एका बर्नरची शेगडी होती, तिची नळी खिडकीतून परसात जात होती, आणि शेगडीवर निळी, बारीक, थरथरती आच. खिडकीतून काळा ड्रम दिसत होता. त्याच्या शेजारी सालींची बादली.

भाऊजी चोरी पकडलेल्या मुलासारखे उभे राहिले. मग खाली बसले, तिथेच, फरशीवर.

"तिच्या मागे मी ड्रमाकडे बघितलंच नाही," ते म्हणाले. "महिन्याभरात आच गेली. सिलिंडरवर चहा करायचो, पण घर खायला उठायचं. वाढदिवसाला प्लांटवर गेलो. ती बरणी दिसली. दुधाच्या दोन किटल्या घेऊन गेलो होतो, खोटं कशाला बोलू, ठरवूनच गेलो होतो. निम्मंच घेतलं गं, ड्रमात उरलेल्या जुन्या गढूळ पाण्यात ओतायला. मोठ्या टाकीत हजारो लिटर आहे, दोन किटल्यांचं काय, असं वाटलं. आणि बरणी अर्धी ठेवणं बरं दिसेना, म्हणून नळाखाली धरली."

"आणि मग आच आली?"

"सहा आठवड्यांनी. सकाळी काडी लावली आणि पेटली. मी तिला हाक मारली, माहितेय? मोठ्याने. म्हटलं, अगं, चहा टाकतोय." त्यांनी डोळे पुसले. "टाकी बसली तेव्हा पोरीला सांगणारच होतो. पण सोमवारी कळलं की बरणी मेली, आणि ती मी मारली. तिच्या आईचं अठरा वर्षांचं काम. कुठल्या तोंडाने सांगू?"

मावशीच्या मनात वेगळंच काहीतरी लकाकलं. "भाऊजी, मंगळवारचा चहा कशावर केला होतात?"

"याच्यावरच. कालचाही."

मावशी भिंतीला टेकली. इतकी वर्षं ताई ज्या चहाला बोलावत होती, तो तिच्या पुढ्यात आला होता, आणि पाणचट म्हणून अर्धा टाकून ती उठून गेली होती.

तिने खिडकीतून ड्रमाकडे पाहिलं. मग विचारलं, "या ड्रमात किती आहे?"

"दोनशे लिटर. रोज साल घालतो. चमच्याने मोजून, ती घालायची तशी."

"म्हणजे तुम्ही बरणी मारलीत आणि दहा बरण्या वाढवल्यात. उठा. पोरीला फोन करा. मी नाही करणार, तुम्हीच करा."

"ड्रम रिकामा केला तर आच जाईल," भाऊजी म्हणाले.

"जाईल," मावशी म्हणाली. तिलाही ती जायला नको होती.

भाऊजींनी शेगडीकडे एकदा पाहिलं, आच स्वतःच्या हाताने बंद केली आणि फोन उचलला.

७

भाची अर्ध्या तासात आली. आठ महिन्यांनी पहिल्यांदा घराचा उंबरा ओलांडून आत आली. बापाने एका दमात सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, ओठ दाबून. मग परसात जाऊन तिने ड्रमाला कान लावला. आत बारीक खदखद चालू होती. ती तशीच, ड्रमाला मिठी मारून, ओक्साबोक्शी रडली.

"बाबा, मला वाटलं हा ड्रम आईच्या मागोमागच गेला. एकदा सांगायचं तरी," ती म्हणाली. "मीसुद्धा याच्याजवळ येऊन बसले असते."

दुपारपर्यंत थर्मामीटर आणि नोंदवाली झाकणाचे कॅन घेऊन हजर झाले. सगळं बाहेर निघालं, पण शेवटचे दोन कॅन भरायच्या आधी भाचीने हात वर केला. "राहू दे एवढं. विरजण लावायला ठेवूया. आणि बाबा, पाण्याने भरायचं नाही! हळूहळू वाढवायचं. मी दर रविवारी येऊन बघीन."

शुक्रवारी कारखान्याचे मालक आले तेव्हा छोट्या टाकीच्या पेल्यात बुडबुडे येत होते. नोंदवालीने सगळ्यांसमोर मिनिटभर मोजले आणि वहीत लिहिलं : सतरा. टायवाल्यांनी टाय सैल केला, बाटलीभर विरजण मागितलं, आणि भाचीने ते दिलं.

मावशी आपल्या गावी परतली. दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी फोन वाजला. भाऊजींचा आवाज होता, आणि ते एवढंच म्हणाले, "आच आली."

"आज निघते," मावशी म्हणाली. 'पुढच्या महिन्यात' हे शब्द तिच्या तोंडात आलेच नाहीत.

ती पोचली तेव्हा स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. भाची ओट्यापाशी संत्रं सोलत उभी होती, साल बादलीत, फोडी ताटलीत. भाऊजींनी निळ्या आचेवर चहा उकळला आणि मावशीच्या कपात ओतला. ओतता ओतता कप काठाला आला, काठावरून वाहिला, बशी भरली.

"अहो, पाहुण्याला पोहायचंय का त्यात?" भाची म्हणाली.

आवाज हुबेहूब ताईचा होता. भाऊजींचा हात किटलीसकट तसाच थांबला. भाचीलाही ते उशिराच कळलं. शेगडी बारीक फुरफुरत होती.

मावशीने कप उचलला. चहा पाणचटच होता. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मग बशी तोंडाला लावून सांडलेलाही पिऊन टाकला.